स्वतःच पुस्तक छापणाऱ्या लेखकाला वाचक म्हणून कशी मदत करता येईल?

पुस्तक विकत घ्या, आणि शक्यतो थेट लेखकाकडूनच घ्या. दुकानातून किंवा वितरकामार्फत विक्री झाली की छापील किमतीतला मोठा वाटा कमिशनमध्ये जातो. समजा ३०० रुपयांच्या पुस्तकावर ४० टक्के कमिशन असेल, तर १२० रुपये तिथेच संपले. उरलेल्या १८० रुपयांत कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ आणि मुद्रितशोधन. न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे लेखकाच्याच घरात पलंगाखाली असतात. म्हणून ओळखीच्या लेखकाला ‘एक प्रत भेट दे ना’ असं कृपया म्हणू नका. ती प्रत त्याच्या खिशातून येते.

दुसरा उपाय मला याहूनही मोलाचा वाटतो. तुम्ही सभासद असलेल्या वाचनालयात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि संपर्क लिहून रीतसर मागणी नोंदवा. लेखकाने स्वतः जाऊन ‘माझं पुस्तक घ्या’ म्हणणं आणि सभासदांनी ते मागणं यात फार फरक पडतो. चार सभासदांनी मागितलं तर ग्रंथपालही लक्ष देतात. शिवाय तिथली एक प्रत कितीतरी जणांच्या हातांतून जाते.

किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या सोयीवर, वाचलं असेल तर ॲमेझॉनवर पुस्तकाच्या पानावर अभिप्राय म्हणून चार प्रामाणिक ओळी लिहा. काय आवडलं, काय खटकलं, नेमकं सांगा. शुद्धलेखनाच्या चुका मात्र लेखकाला खासगीत कळवा. ई-पुस्तकात त्या लगेच दुरुस्त करता येतात.

आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली तर ती पुढे पाठवू नका.