रामटेकचा गड चढायचा, मग अंगात काय घालायचं?

भाऊ, पहिल्यांदा स्लीव्हलेस टी-शर्ट घरी ठेवा. नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये उघडी कातडी थंड राहत नाही, भाजते. पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा, एक साइज सैल शर्ट घ्या. कापड अंगाला ताणलं की वीण उघडते आणि ऊन आत शिरतं. शिवाय हवा खेळायला जागा उरत नाही.

कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवतं, त्याचं लेबलवरचं माप म्हणजे यूपीएफ. यूपीएफ ५० म्हणजे या किरणांचा पन्नासावा भाग, २ टक्के, आत येतो. लेबल नसेल तर कापड उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर ते कापड नको. पातळ पांढरी बनियन इथेच नापास होते, आणि घामाने भिजली की आणखी कमी अडवते.

सुती की पॉलिएस्टर? आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ओलं सुती कापड वाळताना छान गारवा देतं. चढणीला मात्र पाठपिशवीखाली ते भिजूनच राहतं, पट्ट्यांशी घासून कातडी सोलते. म्हणून शर्ट हलक्या पॉलिएस्टरचा आणि डोक्याला सुती दुपट्टा, हे मला सगळ्यात पटतं. दुपट्टा दर अर्ध्या तासाने भिजवा. त्यासाठी पिण्याव्यतिरिक्त अर्धा लिटर पाणी ठेवा. शर्ट धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, घाम शोषला जात नाही.

क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते. तीन इंच काठाची हॅट घ्या, दुपट्टा तिच्याखाली मानेवर सोडा.

आणि दहाच्या आत खाली उतरा. ४४-४५ अंशांत कुठलाच शर्ट पुरत नाही.