सुपरकार समजून घ्यायचीय? सुरुवात इथून कर

हॉर्सपॉवरच्या आकड्यापासून सुरुवात करू नकोस. बहुतेक नवखे तिथेच अडकतात. एकच गाडी निवड. माझ्या मते बुगाटी व्हेरॉन (2005) उत्तम, कारण तिच्यात सगळे प्रश्न टोकाला गेलेले दिसतात.

आधी टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर. व्हेरॉनमध्ये तो 1250 न्यूटन-मीटर आहे आणि 2200 ते 5500 आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेऱ्या) सपाट राहतो. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 7024 केलंस की पीएसमध्ये (मेट्रिक हॉर्सपॉवर) ताकद मिळते: 2200 ला सुमारे 391, 5500 ला 979. टॉर्क तोच, फरक फक्त फेऱ्यांचा. हे गणित वहीत स्वतः करच.

मग हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, त्यासाठी लागणारी ताकद आठपट. म्हणून कमाल ताकद 1001 पीएस असूनही गाडी ताशी 407 किमीच्या आसपास अडते.

उष्णता मात्र सगळेच विसरतात. पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा चाकांपर्यंत पोचतच नाही, उष्णता होऊन जाते, म्हणून व्हेरॉनला 10 रेडिएटर लागले. ब्रेकचंही तेच, कात्रज घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की पॅड तापून पकड सुटते.

नेहमीच्या चुका:
- 0 ते 100 च्या वेळेवरून इंजिन जोखणं. तिथे मर्यादा टायरच्या पकडीची असते.
- वजन न बघणं.
- क्रँकवरची (थेट इंजिनच्या दांड्यावरची) ताकद आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांशी मोजलेली ताकद यांची तुलना करणं. मधे गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) काही भाग खातात.

सस्पेन्शनची भूमिती सध्या बाजूला ठेव. पुण्यातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेस कार बनवायची स्पर्धा) टीम आहेत; तुझ्या कॉलेजात असेल तर कूलिंगचं काम मागून घे.