नाटिकेसाठी जुनं गिरणगाव शोधताय? फोटोंसाठी थांबू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि आठ वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. शाळेची चाळीस मिनिटांची संगीत नाटिका, १९४० च्या सुमाराचं गिरणगाव, सातवी-आठवीची मुलं, आणि तेव्हाच्या रोजच्या जगण्याचे जुने फोटो मिळवायला अर्ज कुठे करावा ही तुमची विचारणा. आमची नाटिकाही गिरणगावावरच होती. मी संगीत शिकवते, इतिहासाची अभ्यासक नाही. कुठे चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं.

संहिता, चाली, तालमी यांवर लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच. अर्जाबद्दल मात्र कळकळीने सांगते: अर्ज करा, पण त्याच्यासाठी एकही काम अडवून ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं. एका कचेरीत गिरण्यांचे आणि चाळींचे जुने फोटो आहेत असं कळलं, म्हणून शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं. आठवड्याने निरोप आला की मुख्याध्यापकांची सही हवी. मग प्रयोजन स्पष्ट नाही म्हणून पत्र परत. मग संबंधित कर्मचारी रजेवर. अकरा आठवडे मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर तिथे जात होते. शेवटी दोन ओळींचं उत्तर हातात पडलं: फोटोंची नोंद झालेली नसल्याने ते दाखवता येणार नाहीत. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? सगळीकडे असंच होतं असं नाही, इतर ठिकाणी मला आपणहून मदत करणारी माणसंही भेटली.

पण खरं नुकसान फोटोंचं झालं नाही. आमच्या एका विद्यार्थिनीची पणजी तेव्हा त्र्याण्णव वर्षांची होती, नायगावच्या बीडीडी चाळीत आयुष्य काढलेली आणि तरुणपणी गिरणीच्या वाइंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामाला असलेली. मी मनात ठरवलं, फोटो हाती येऊ देत, मग ते दाखवून आजींना बोलतं करू. कचेरीचं उत्तर आलं त्याच्या पंधरा दिवस आधी आजी गेल्या. त्यांच्या सूनबाईंनी आठवेल तेवढं सांगितलं. कामावर जाताना बायका तान्ह्या बाळाला बाळागोळी, म्हणजे अफूची गोळी देत, म्हणजे ते दिवसभर निजून राही, हे मला पहिल्यांदा तिथेच कळलं. आजी एक अंगाई म्हणायच्या, तिची चाल सूनबाईंना अर्धीच आठवत होती. अंगाई घ्यायची आणि गोळी लपवायची हे मला पटेना, म्हणून आम्ही दोन्ही रंगमंचावर आणलं. काही पालकांनी नाराजी कळवली. मला आजही ते योग्यच वाटतं.

संहितेतली मोठी चूकही तिथेच उमगली. आमच्या पहिल्या खर्ड्यात सगळे पुरुष गिरणीत आणि सगळ्या बायका चुलीपाशी होत्या. प्रत्यक्षात १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांत साधारण एक बाई होती. शिवाय एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खाणावळ चालवणाऱ्या बायका वेगळ्याच. सिनेमा-मालिकांवरून गिरणगाव उभं करू नका, असं मी म्हणते ते यासाठी.

दुसरं म्हणजे साल नक्की करा. "१९४० च्या सुमारास" असं म्हणून भागत नाही. १९३८ घेतलंत तर रेशनची रांग दाखवता येणार नाही, कारण मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये आलं. १९४४ घेतलंत तर महागाई हवी, रांगा हव्यात आणि १४ एप्रिलचा गोदीतला स्फोट टाळता येणार नाही. १९३८ मध्ये "सात वाजले" असा संवाद असेल, तर कोणत्या घड्याळात तेही ठरवा: महापालिका मुंबई टाइम, म्हणजे शहराची स्थानिक वेळ पाळायची, रेल्वे देशभराचा स्टँडर्ड टाइम, आणि दोन्हींत ३९ मिनिटांचा फरक होता. यावर मुलांनी एक छान कोरस बसवला होता.

भाव-दरांसाठी मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं मासिक 'लेबर गॅझेट' शोधा, ते १९२१ पासून निघत होतं. त्याच कार्यालयाने १९३२-३३ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणीही केली होती. धान्य, भाडं, रॉकेल, कर्जाचं व्याज, सगळं त्यात आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने असे बरेच जुने अहवाल स्कॅन करून ठेवले आहेत, आधी तिथे बघा. आमच्या मुलांनी एका घराचा महिन्याचा हिशेबच गाणं करून म्हटला, आणि चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ हे गाता गाता पाठ झालं. नवे पैसे १९५७ नंतरचे, ते संवादात येऊ देऊ नका.

रंगमंचावर प्लॅस्टिकची बादली आणि स्टीलचे पेले नकोत. कल्हईची पितळी भांडी, जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पातेली आणि पाण्यासाठी रॉकेलचा रिकामा डबा आणा. डबा मिळवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्याचा शोध आजच सुरू करा.

तुमच्या वर्गात कुणाची आजी, पणजी, पणजोबा गिरणगावातले असतील, तर या रविवारीच जा, फोटो-बिटो काही नसलं तरी. "तेव्हा कसं होतं हो?" असं विचारलंत तर "चांगलं होतं" एवढंच उत्तर येतं. पहाटे पाणी कोण भरायचं, खोलीत किती माणसं निजायची, भोंगा झाल्यावर घरातलं पहिलं कोण उठायचं, असं विचारा. गाणं म्हणायला लागल्या तर मध्ये बोलू नका, शब्द नंतर विचारता येतात. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवा. सूनबाईंनी गुणगुणलेली ती अर्धी चाल माझ्याकडे आहे, पण पंख्याच्या घरघरीत शेवटचे सूर नीट लागत नाहीत.