‘नुसत्या नळ्या तपासायला एवढं शिकायचं कशाला?’

ताई, नमस्कार.

लेक बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले आणि गणपतीतल्या रक्तदान शिबिरात मदत केल्यापासून ‘मला रक्तपेढीतच काम करायचंय’ म्हणते, असं तुम्ही लिहिलंत. तिच्या बाबांना मात्र वाटतं, नुसत्या नळ्या तपासायला एवढं शिकायचं कशाला? आणि तिलाच काही लागण झाली तर?

आधी नळ्यांचं बोलते. शिबिरात घेतलेली पिशवी लगेच कुणाला चढवत नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या कायद्याने सक्तीच्या आहेत. निकाल येईपर्यंत पिशवी वेगळ्या फ्रिजमध्ये थांबते. एलायझा ही रंग बदलून लागण दाखवणारी तपासणी. तिची प्लेट तळहाताएवढी, 96 खळग्यांची; त्यांत दात्यांच्या नळ्यांतले नमुने टाकतात. शेवटचं द्रावण टाकल्यावर एखादा खळगा पिवळा झाला, की ती पिशवी बाद. आता समजा, थकलेल्या हाताने दोन नळ्यांची अदलाबदल केली. चांगलं रक्त फेकलं जाईल आणि दूषित पिशवी ‘सुरक्षित’ लेबल लावून बाहेर पडेल. थॅलेसेमिया, म्हणजे रक्त नीट न बनण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. त्याच्या आईला ना दाता माहीत असतो, ना तपासणारी. ती फक्त लेबलवर विश्वास ठेवते. बाबांना एवढं जरूर सांगा.

दुसरी गोष्ट शिबिरात लेकीने पाहिलीच असेल, तो दात्याचा फॉर्म. लागण नुकतीच झाली असेल तर काही दिवस, कधी काही आठवडे ती तपासणीत सापडत नाही. याला विंडो पिरियड म्हणतात. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणाऱ्या नॅट तपासणीने तो कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून दात्याने खरं सांगणं फार मोलाचं. पैसे मिळणार असतील तर माणूस आजार लपवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, ते उगीच नाही. रांगेत मित्र उभे असताना ‘गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय का?’ हे आवाज खाली आणून, न दुखावता विचारणं हे कौशल्य आहे. मला तर ते यंत्र चालवण्याहून अवघड वाटतं.

लागणीची काळजी रास्त आहे. हातमोजे, सुईला पुन्हा टोपण न लावणं, या सवयी पहिल्या वर्षातच लागतात. हिपॅटायटिस बीची लस मात्र आत्ताच सुरू करा. तीन डोस सहा महिन्यांत होतात, म्हणजे प्रात्यक्षिकांना हात लावण्याआधी ती सुरक्षित.

शिक्षणाचं म्हणाल तर मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा पदवी घ्यावी लागते. नियमानुसार डिप्लोमावाल्यांना रक्ततपासणीचा एक वर्षाचा अनुभव लागतो, पदवीधरांना सहा महिन्यांचा. परवडत असेल तर पदवीच घ्या, पुढे वाढायला वाव राहतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पॅरामेडिकलचे पदवी अभ्यासक्रमही पाहा. संस्था निवडताना एकच विचारा: मुलं कुठल्या रक्तपेढीत आणि किती दिवस प्रत्यक्ष काम करतात? उत्तर गोलमोल आलं तर तिथे पैसे भरू नका.

फॉर्म भरण्याआधी जिल्ह्याच्या रक्तपेढीत परवानगी काढून लेकीला एक दिवस बसू द्या. बाबांनाही सोबत पाठवा, आणि तो वेगळा फ्रिज दाखवायला सांगा.