राज्य, साम्राज्य आणि सम्राज्ञी

प्रश्न असा: राज्य किती मोठं झालं की त्याला साम्राज्य म्हणायचं, आणि मराठ्यांचं नेमकं काय होतं?

क्षेत्रफळाचा इथे फारसा संबंध नाही. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, सम्राटाचं लक्षण दिलंय: ‘येनेष्टं राजसूयेन मण्डलस्येश्वरश्च यः । शास्ति यश्चाज्ञया राज्ञः’. ज्याने राजसूय केला, जो राजमंडळाचा धनी आहे आणि जो इतर राजांना हुकमात ठेवतो, तो सम्राट. यज्ञाचं सोडून द्या, पण शेवटची अट आजही कामाची आहे. खाली दुसरे राजे, त्यांचे कायदे, त्यांचा वसूल शाबूत असतो आणि वर एकाची हुकमत चालते.

त्याआधीचा अर्थ मात्र निराळा. मंत्रपुष्पांजलीतलं ‘साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं वैराज्यं’ आपण एका दमात म्हणून टाकतो. ती नावं ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली, आणि तिथल्या इंद्राच्या महाभिषेकात ती दिशांना वाटून दिली आहेत. पूर्वेकडच्या राजांना अभिषेक साम्राज्यासाठी, दक्षिणेकडच्यांना भौज्यासाठी, पश्चिमेला स्वाराज्य, उत्तरेला वैराज्य. कुरु-पांचालांच्या मध्यदेशात नुसतं राज्य! म्हणजे ‘सम्राट’ ही पूर्वेकडची पदवी. लहानमोठेपणाचा प्रश्नच नाही.

आता मराठे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून तीन सनदा आणल्या: स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी. स्वराज्य म्हणजे थेट अंमलाचा मुलूख. दख्खनचे सहा सुभे मात्र मोगलांचेच राहिले. तिथल्या वसुलाची चौथाई आणि वर दहावा हिस्सा सरदेशमुखी मराठ्यांची. बदल्यात पंधरा हजार फौज मोगल सुभेदाराच्या मदतीला द्यायची. कागदावर शाहू महाराज बादशहाचे अंकित, आणि प्रत्यक्षात १७७२ मध्ये बादशहा शाह आलम दिल्लीत परतला तो महादजी शिंद्यांच्या बळावर. म्हणून १६७४ साठी ‘स्वराज्य’ म्हणावं, अठराव्या शतकासाठी ‘साम्राज्य’ बिनदिक्कत चालेल. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले आपापलं पाहू लागले त्या काळाला ‘मराठा मंडळ’ जास्त नेमकं. सरसकट एकच शब्द लावला की १७१९ चा बदलच दिसेनासा होतो.

सम्राटाशिवायही साम्राज्य असतं. फ्रान्समध्ये १८७० मध्ये सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं आणि वसाहती त्यानंतरच झपाट्याने वाढल्या. उलट मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात तिथल्या हुकूमशहा बोकासाने १९७६ मध्ये स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं, पण हुकमत गाजवायला खाली दुसरं राज्य एकही नव्हतं. १९७९ मध्ये सगळं आटोपलं. व्हिक्टोरियाचं आणखी वेगळं: १८७७ च्या दिल्ली दरबारापासून ती इथे कैसर-ए-हिंद, स्वतःच्या देशात मात्र राणीच.

तिला ‘साम्राज्ञी’ लिहिलेलं सर्रास दिसतं, ते चूक. शब्द सम् + राज्ञी, म्हणून सम्राज्ञी, ‘गानसम्राज्ञी’सुद्धा तसंच. ‘साम्राज्य’मधला आ हा भाववाचक नाम करताना पहिल्या स्वराची वृद्धी होऊन (अ चा आ) आलेला आहे, तो व्यक्तीच्या नावात ओढून आणू नये. लग्नात म्हणतात ती ऋचाही ‘सम्राज्ञी श्वशुरे भव’ अशीच आहे. आणि संराट न होता सम्राट का? र पुढे आल्यावर एरवी म् चा अनुस्वार होतो (संरक्षण, संरचना); ‘सम्राट’साठी पाणिनीने ‘मो राजि समः क्वौ’ असं वेगळं सूत्रच दिलंय.