आई कुठे बसली होती?

वाचकांचे प्रश्न : घर आणि बालवाडीच्या मधलं

प्रश्न : मॅडम, आमची छोटी संस्था सहा गावांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आयांसाठी गृहभेटीचा कार्यक्रम चालवते. गावातल्याच 8 ताया आहेत, प्रत्येकीकडे 15 घरं, आठवड्याला एक भेट. बैठकीत सगळ्यांच्या वह्या भरलेल्या असतात. पण मी स्वतः गेले की आई सांगते, “ताई येते, पोराला शिकवून जाते.” मधल्या सहा दिवसांत घरात काहीच होत नाही. भेटीचा फॉर्म बदलावा का? – समन्वयक, जि. बीड

उत्तर : फॉर्मला हात लावू नका. आमच्या फॉर्मला एके काळी 27 रकाने होते. शेवटचा ‘शेरा’, आणि त्यात झाडून सगळ्यांचा एकच शेरा : समाधानकारक.

मी 22 वर्षं मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, होते, नंतर एका संस्थेत तुमचंच काम केलं, म्हणून तुमची अडचण मला पाठ आहे. एकदा एका ताईबरोबर भेटीला गेले. ताईने चार वर्षांच्या पोराकडून लाल-हिरव्या बांगड्या अशा झकास वेगळ्या करून घेतल्या की मी खूश. आईने आम्हाला चहा दिला आणि ती मोरीत भांडी घासायला बसली. निघताना म्हणाली, “तुमच्याजवळ लई शहाण्यावानी बसतंय बघा. माझ्याजवळ नाही बसत.” रस्ताभर तेच डोक्यात. आम्ही त्या घरात एक फिरती बालवाडी भरवून आलो होतो, आणि बाईला वर हेही पटवून आलो होतो की हे काम तिचं नाही.

तेव्हापासून मी बैठकीत पहिला प्रश्न एकच विचारायचे : भेटीत आई कुठे बसली होती? चुलीपाशी, दारात, मोरीत, की पोरासमोर? मुलाला काय आलं, हे नंतर. ताईने खेळ आईला दाखवायचा, आईने तो ताईसमोर पोराबरोबर खेळायचा, आणि तेवढा वेळ ताईने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. चांगल्या तायांना तर जास्तच, कारण त्यांना शिकवायची हौस असते.

हे भाषण देऊन जमत नाही, करून बघावं लागतं. 1969 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात अविमा लोम्बार्ड यांनी ‘हिप्पी’ नावाचा असाच कार्यक्रम सुरू केला. तिथे घरोघर जाणाऱ्या बाया त्याच वस्तीतल्या आया असतात, आणि शिकवण्याची मुख्य रीत म्हणजे सोंग घेणं : एकीने आई व्हायचं, दुसरीने मूल. तुमच्या बैठकीचा पहिला तास याला द्या. आमच्याकडे मुलाचं सोंग घेतलेली एक ताई “मी नाही खेळत जा” म्हणून जी रुसून बसली, ती चहा येईस्तोवर उठली नाही. समोरची ‘आई’ पार रडकुंडीला आली. पुढच्या आठवड्यात रुसलेल्या पोराचं काय करायचं, ते तिला कोणी सांगावं लागलं नाही.

आता वह्यांचं. भेट चुकली की तुम्ही मानधन कापता का? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण कोऱ्या ओळीचे पैसे कापलेत तर वही कायम भरलेलीच मिळेल. सोयाबीनच्या काढणीत, कापसाच्या वेचणीत अकरा वाजता कोणती आई घरी सापडते? “आई शेतात, भेट झाली नाही” असं जी ताई लिहिते, तिचं बैठकीत सगळ्यांदेखत कौतुक करा. भेटीची वेळ तिलाच ठरवू द्या. आमच्या निम्म्या भेटी संध्याकाळी भाकरीच्या वेळी व्हायच्या. पिठाचे लहान-मोठे गोळे लावून दाखवायला त्याहून चांगली वेळ कुठली?

महिन्यातून एकदा प्रत्येकीबरोबर तुम्ही स्वतः जा. आईच्या मागे बसा, समोर नाही. आणि तिथे बसून काही लिहू नका. बाया कागद बघून गप्प होतात. त्यांना वाटतं, रेशनचं काहीतरी आहे.

एक कबुली. मी हौसेने पुण्याहून रंगीत खेळणी आणून प्रत्येक ताईला एक पिशवी दिली होती. ताई पिशवी न्यायची, भेट झाली की परत आणायची. हरवलं तर हिशोब कोण देणार? परिणाम असा, की आया म्हणायला लागल्या, “पिशवी आणली की खेळू.” जमैकात किंग्स्टनमध्ये 1986-87 च्या सुमारास 129 खुरटलेल्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. त्यात ज्यांच्या वाट्याला भेटी आल्या, त्यांच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायची. खेळणी टाकाऊ वस्तूंची, हातांनी केलेली. ती घरातच ठेवून यायची आणि पुढच्या भेटीत बदलायची. ही मुलं विशीत आली, तेव्हा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा त्यांची कमाई सुमारे 25 टक्के जास्त निघाली. ती बाळं तुमच्या मुलांहून लहान होती, म्हणून तो आकडा तुमच्या अहवालात चिकटवू नका. खेळणं घरात ठेवून यायचं, एवढं मात्र जरूर उचला. चिंचोके द्यायचे तर घरात रांगतं बाळ आहे का, ते आधी बघा.

प्रश्न : मी गृहभेटीला जाते. एका घरी सासूबाई म्हणतात, “खेळायला काय शिकवायचं? आम्ही सहा पोरं अशीच वाढवली.” सून मग उठून जाते. – एक ताई, जि. लातूर

उत्तर : आजी खरंच बोलतायत. त्यांना म्हणा, “मग तुम्ही पोराला काय सांगायचात, ते मला शिकवा.” कोडी, ओव्या, जनावरांचे आवाज, काहीतरी निघतंच. दोन भेटी आजींच्या नावावर गेल्या तरी चालतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. तुम्ही तर अंगणाच्याही पुढे, उंबऱ्याच्या आत गेला आहात. आत ज्यांचं चालतं, त्यांना विचारूनच पुढे जावं लागतं.

प्रश्न : आमच्या 40 घरांपैकी 23 घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती थेट पाडव्याच्या आसपास परततात. कार्यक्रम बंद ठेवावा का? – समन्वयक, ता. शिरूर कासार

उत्तर : बंद नको. वर्षाचं वेळापत्रक शाळेसारखं जूनपासून आखा आणि उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतली गेली की लगेच तोडणीच्या मुकादमाकडून कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार याची यादी घ्या. अंगणवाडी सेविकेला गाठून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर स्थलांतराची नोंद करायला सांगा, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत मूल नव्याने सिद्ध करत बसावं लागणार नाही. जी मुलं आजीपाशी मागे राहतात, त्यांच्या भेटी चालू ठेवा. तिथे ‘आई’ म्हणजे आजी.

कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, गेलेल्यांना ताईने आठवड्यातून एक फोन करायचा. वेळ आईने सांगितलेली, कारण गाडी भरायला रात्री कधी उठावं लागेल याचा नेम नसतो. फोनवर गोष्ट नको, गाणं नको. एकच विचारायचं : आज पोराच्या हाताशी काय होतं?

मागच्या हंगामात सांगलीकडच्या एका फडावरून उलटा फोन आला. “ताई, पोरगं वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या मोजतंय. वीसपर्यंत आलं, म्होरं मलाच येत नाही.” ताई म्हणाली, “दहा पेंढ्यांची एक रास लावा, आणि परत एकपासून मोजू द्या. मग राशी मोजा.”