विद्यापीठात आठवडाभर सर्वांसाठी खुली व्याख्यानं, कार्यक्रम आणि प्रदर्शनं असतात. विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाने जावं का? गेलो तर काय बघावं?

जावं. जरूर जावं. फक्त व्याख्यानाला जाण्याआधी प्रदर्शन बघा, व्याख्यान झाल्यावर नको. का ते पुढे येईलच.

"विषयातलं काही न कळणारा माणूस" हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच शब्द मी एका बैठकीत ऐकले आहेत आणि त्यांचा राग अजून गेलेला नाही.

मी भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक होते. आता निवृत्त आहे. आमच्याकडेही असा सप्ताह व्हायचा. एका वर्षी मी आणि वर्कशॉपमधल्या सहकाऱ्याने मुख्य इमारतीच्या जिन्याच्या मधल्या पोकळीत फुकोचा लंबक टांगला. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1851 मध्ये पॅरिसच्या पँथिऑन या भव्य इमारतीत 67 मीटरच्या तारेला 28 किलोचा गोळा टांगून लोकांना पृथ्वी फिरताना दाखवली होती, तोच प्रयोग. आमची तार चार मजल्यांची, गोळा त्या मानाने लहान. पण लंबकाचं सगळं यश वरच्या पकडीत असतं. तार सगळीकडून सारखी धरली गेली नाही, तर गोळा सरळ झुलायचं सोडून लंबगोल फिरू लागतो आणि मग जे दिसतं ते पृथ्वीचं फिरणं नसतं, आपल्या कामातली खोट असते. आम्ही शेवटी ड्रिल मशीनचा चक, म्हणजे ड्रिलचं पातं धरणारा भाग, वापरला. त्याचे तीन जबडे तार बरोबर मधोमध धरतात. गोळा सोडतानाही हाताने सोडायचा नाही, कडेला धक्का लागतो. सुती दोऱ्याने तो बाजूला ओढून बांधायचा, थरथर पूर्ण थांबू द्यायची आणि मग काडी लावून दोरा जाळायचा.

व्याख्यानाला लोक आत जायच्या जरा आधी आम्ही गोळा सोडायचो. ज्याला हवं त्याच्या हातात खडू द्यायचा. गोळा ज्या दिशेने झुलतोय त्या दिशेने त्याने फरशीवर रेघ मारायची, शेजारी आपलं नाव लिहायचं आणि व्याख्यानाला जायचं. परत येईपर्यंत गोळ्याची दिशा रेघ सोडून सरकलेली असायची, कारण खालची फरशी पृथ्वीबरोबर वळलेली असायची. पॅरिसला ती तासाला साधारण 11 अंश सरकते. विषुववृत्ताकडे जावं तसा वेग कमी होतो आणि विषुववृत्तावर शून्य. पण थोडी सरकली तरी रेघ आपल्या हातची असते, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. लोक गुडघ्यावर बसून बघायचे. फरशी नावांनी भरून गेली होती.

एक बाई मुलीला सोबत म्हणून आल्या होत्या. त्यांनीही रेघ मारली आणि मुलीबरोबर आत जाऊन बसल्या. विषय ग्रहगतीचा होता. शेवटी त्यांनी हात वर केला. पण प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि आभार यांत इतका वेळ गेला होता, की सूत्रसंचालकाने दोन प्रश्न घेऊन "वेळेअभावी" म्हणत कार्यक्रम गुंडाळला. बाई थेट जिन्यापाशी आल्या. मला म्हणाल्या, "अहो मॅडम, पृथ्वी फिरते तर हा जिनाही फिरतो. तार जिन्यालाच बांधलीय. मग गोळा जिन्याबरोबर का फिरत नाही?"

मी त्यांना चौथ्या मजल्यावर नेऊन पकड दाखवली. मग खाली आणून दोऱ्याला किल्ली बांधून हातात दिली. म्हटलं, ही झुलवा आणि झुलत असताना दोरा बोटांनी पिळा. किल्ली स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागली, पण झुलायची दिशा तीच राहिली. वरून पिळलं तर गोळा फार तर स्वतःभोवती वळतो, झोक्याची दिशा बदलत नाही. बाईंनी तीन-चारदा करून पाहिलं, मग मुलीला बोलावून तिला करायला लावलं. आमच्या पदवीच्या वर्गात लंबकाचं सूत्र सगळ्यांना पाठ असायचं, पण हा प्रश्न मला तिथे कुणी विचारल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी म्हटलं की व्याख्यानानंतर अर्धा तास वक्त्याला जिन्यापाशी उभं करा. संयोजक म्हणाले, "ज्यांना विषयातलं काही कळत नाही ते प्रश्न विचारून काय करणार? लोक बघायला येतात." वर, समारोपाला येणाऱ्या पाहुण्यांच्या वाटेत खडूने रंगलेली फरशी नको म्हणून सप्ताह संपायच्या आधीच लंबक उतरवायला लावला. फरशी धुतली आणि गोळ्याच्या जागी फुलझाडाच्या कुंड्या ठेवल्या. नंतर येणाऱ्यांना "काढला" एवढंच सांगायचं माझ्या वाट्याला आलं.

संयोजक साफ चुकीचे होते, आणि हे सांगणारी मी पहिली नाही. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट 1860 च्या दशकात उत्तर इंग्लंडमध्ये कामगारांसाठी व्याख्यानं द्यायचे. रॉचडेलला एकदा घाईत निघताना त्यांनी आपल्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत भिंतीवर तशाच राहू द्यायला सांगितल्या. परत आले तर कळलं की लोकांनी त्या आकृत्यांपुढे चर्चा करून प्रश्न काढून ठेवलेत आणि ते विचारायला व्याख्यानाआधीच येणार आहेत. स्टुअर्टना यातून व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग सुचला. 1873 मध्ये केंब्रिज विद्यापीठाने ही विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीची व्याख्यानं अधिकृतपणे हाती घेतली, तेव्हा असा वर्ग त्या पद्धतीचा भाग होता. ज्यांना काही कळत नाही असं संयोजक म्हणत होते, तशाच लोकांनी विद्यापीठाला कसं शिकवायचं ते शिकवलं.

म्हणून म्हणते, प्रदर्शन आधी बघा. प्रश्न तिथे तयार होतो आणि तो घेऊन व्याख्यानाला बसलात की वक्त्याचं अर्धं बोलणं तुमच्यासाठीच असल्यासारखं वाटतं. फलक वाचत बसू नका, फलक पुस्तकातही मिळतात. ज्या वस्तूजवळ ती बनवणारा माणूस उभा आहे तिथे थांबा. प्राध्यापकांपेक्षा तंत्रज्ञाला विचारा, कुठे काय बिघडतं ते त्याला माहीत असतं. व्याख्यानात प्रश्न राहिला तर वक्त्याला दारात गाठा. बहुतेक वक्ते खूश होतात, नाराज होतात ते संयोजक.

नाटक-संगीताबद्दल मला थोडंच सांगता येईल. प्रयोगाआधीची तालीम खुली असेल तर ती चुकवू नका.

सगळीच विद्यापीठं आमच्यासारखी नसतात, हेही सांगायला हवं. काही ठिकाणी प्रश्नांना भरपूर वेळ ठेवतात आणि काही व्याख्यानं नुसती ऐकण्यासारखी असतात, तिथे माझा हा सगळा राग लागू नाही. लहान मुलं बरोबर असतील तर लांबलचक व्याख्यान टाळा. नावनोंदणी लागते का ते आधी बघा.

जायचं तर मधल्या दिवसांत जा. पहिला दिवस उद्घाटनात जातो, निम्म्या वस्तू लागलेल्याही नसतात, आणि शेवटच्या दिवशी काढायला सुरुवात झालेली असते. बाहेर पडताना अभिप्रायाची वही पुढे करतील. त्यात "छान उपक्रम" लिहू नका. आमच्या समितीत अशा वाक्यांची नुसती मोजणी व्हायची. व्याख्यानाचं नाव, तारीख आणि तुमचा जो प्रश्न घेतला गेला नाही तो पूर्ण लिहा. पुढच्या वर्षीच्या बैठकीत माझ्यासारखं कुणी बसलेलं असेल, तर त्याच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.